एक भाषण आणि एक बोट

नमस्कार श्रोतेहो. आज मला एका भाषणाबद्दल बोलायचंय आणि एका बोटाबद्दल. भाषण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं, लिंडन जॉन्सन यांचं, आणि बोट त्यांच्याच पक्षाच्या एका आजारी सिनेटरचं. बोटाकडे येतोच, खरं तर तेच सांगायला मी माईकसमोर बसलोय, पण आधी भाषण.

22 नोव्हेंबर 1963 ला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना गोळ्या घातल्या, त्यांच्या जागी उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन आले, आणि पाचव्या दिवशी, 27 तारखेला, ते अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, दोन्ही सभागृहांपुढे उभे राहिले. घरात सुतक असताना कुणाला चार शब्द बोलायला उभं केलं की त्याची काय अवस्था होते, आपण सगळ्यांनी पाहिलंय. जॉन्सननी सुरुवातच अशी केली की आज इथे उभं राहावं लागलं नसतं तर माझ्याजवळ आहे नाही ते सगळं मी आनंदाने देऊन टाकलं असतं. किती साधं! केनेडी शपथविधीच्या भाषणात म्हणाले होते, चला, सुरुवात करूया. जॉन्सन म्हणाले, चला, पुढे चालू ठेवूया. आणि मग थेट मुद्द्यावर आले, की केनेडींना श्रद्धांजली वाहायचीय ना, तर त्यांचं नागरी हक्कांचं बिल, म्हणजे काळ्या लोकांशी होणारा भेदभाव बंद करणारं बिल, लवकरात लवकर पास करा, समान हक्कांबद्दल आपण 100 वर्षं नुसतं बोलतोय, आता पुढचा अध्याय लिहायचा आणि तो कायद्याच्या पुस्तकात लिहायचा. कायद्याच्या पुस्तकात, हे लक्षात ठेवा. हे बोलणारा माणूस टेक्सासचा, म्हणजे हा भेदभाव जिथे मुरलेला त्या दक्षिणेतला, आणि पूर्वी वर्षानुवर्षं अशाच बिलांच्या विरोधात मतं दिलेला, म्हणून मला ते भाषण जास्त मोठं वाटतं.

जाता जाता सांगतो, असलं भाषण मोठ्याने वाचून बघा. आपल्या शाळांमधलं प्रकट वाचन कमी झालंय त्याचं मला फार वाईट वाटतं, पोरं हुशार आहेत पण वाक्य कुठे थांबवायचं ते कानाला कळत नाही, रोज दहा मिनिटं एकाने उभं राहून वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, काही खर्च नाही त्याला. असो.

आता गणित. सिनेट म्हणजे काँग्रेसचं वरचं सभागृह, त्यात 100 जण. बिलाला दक्षिणेतल्या सिनेटरांचा विरोध, आणि त्यांचा मार्ग एकच, बोलत राहायचं, बोलत राहायचं, मतदान होऊच द्यायचं नाही. हे बोलणं बंद पाडायला 67 मतं लागत होती. जॉन्सन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर किती? बरोबर 67! म्हणजे काम फत्ते? नाही ना, कारण विरोधात बोलत होते ते बहुतेक त्याच पक्षाचे. म्हणजे राष्ट्राध्यक्षाचं भाषण कितीही काळजाला भिडो, समोरच्या पक्षाची मतं आल्याशिवाय ते कायद्याच्या पुस्तकात जाणार नव्हतं. डेमोक्रॅटांच्या बाजूने बिल सांभाळत होते ह्युबर्ट हम्फ्री, आणि ते रिपब्लिकनांचे नेते एव्हरेट डर्कसन यांच्याकडे जात राहिले, डर्कसनना जे बदल हवे होते त्यावर बसून बोलले, थोडं सोडलं, थोडं धरलं, आणि श्रेयही मनापासून घेऊ दिलं. मला विचाराल तर श्रेय घेऊ देणं हेच सगळ्यात अवघड काम, लग्नघरात सुद्धा अवघड जातं.

तर आता बोट. 10 जून 1964, सकाळची वेळ. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड रात्रभर बोलत होते, 14 तासांवर, आणि नुकतेच खाली बसलेले. 57 दिवस कामकाज याच्यातच गेलेलं. 100 च्या 100 सिनेटर हजर. हे बोलणं आता बंद करायचं का, यावर मतदान. क्लार्क एकेक नाव पुकारतोय, नाव आलं की होय किंवा नाही, नाव आलं की होय किंवा नाही. आणि नाव आलं, मिस्टर एंगल.

काहीच आवाज नाही.

कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल व्हीलचेअरवर होते. मेंदूत ट्यूमर, ऑपरेशन झालेलं, तरी वाचा गेलेली. हो म्हणायचंय, पण तोंडातून शब्द निघत नाही. त्यांचा हात हळूहळू वर यायला लागला, हातातही धड ताकद नव्हती, आणि बोट गेलं डोळ्याकडे. इंग्रजीत होकार द्यायचा तर म्हणतात 'आय', आणि डोळ्यालाही म्हणतात 'आय'. उच्चार एकच. डोळ्याकडे बोट, म्हणजे होय. क्लार्कने होय लिहून घेतलं.

सिनेटमध्ये तेव्हा कॅमेरे नव्हते, त्यामुळे हे ज्यांनी पाहिलं त्यांनीच पुढे सांगितलं. आणि रेडिओवर असतं तर ऐकणाऱ्याला फक्त शांतता ऐकू आली असती, एवढी एक शांतता. माझे आजोबा शेवटची दोन वर्षं पॅरालिसिसने बोलू शकत नव्हते, चहा हवा असला की तर्जनी पलंगाच्या कडेवर दोनदा आपटायचे, टक टक, आणि भेटायला येणारी माणसं त्यांच्या देखत विचारायची, यांना काही कळतं का हो? कृपा करून असं करू नका. विचारायचं ते त्यांनाच विचारा आणि थांबा, उत्तर यायला वेळ लागतो. त्या दिवशी सिनेट एंगल यांच्यासाठी थांबलं.

नावं पुढे चालू राहिली आणि 67 वं मत पडलं डेलावेअरच्या जॉन विल्यम्स यांचं. ते रिपब्लिकन. शेवटी 71 विरुद्ध 29. त्या 71 मध्ये डेमोक्रॅट 44 आणि रिपब्लिकन 27, परत सांगतो, 44 आणि 27, यातला एक आकडा काढून टाका आणि बघा काय उरतं.

बोलणं थांबलं, बिल पास झालं, आणि 2 जुलैला जॉन्सननी त्यावर सही केली. हॉटेलात, थिएटरात, नोकरीत भेदभाव करायला बंदी आली. आज न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात नोकरीला लागलेल्या आपल्या मराठी पोरांना कुठल्या देशातून आलात एवढ्यावरून नाकारता येत नाही, ती तरतूद याच कायद्यातली.

सही झाल्यावर 28 दिवसांनी, 30 जुलैला, एंगल गेले. 52 वर्षांचे होते. सिनेटच्या दप्तरात 10 जूनच्या 71 होकारांमध्ये त्यांचाही होकार आहे, न बोललेला. नमस्कार.