फुटपाथ मोकळा झाला का?

नमस्कार मंडळी. बाहेर उणे अकरा आहे, आणि तरी तुम्ही इतके जण आलात, याचा फार आनंद झाला. येण्याआधी बऱ्याच जणांनी गाडीच्या काचा खरवडल्या असतील, ड्राइव्हवे उपसला असेल. तो आपापला बर्फ. मला आज बोलायचंय ते आपल्या दारापलीकडच्या बर्फाबद्दल. तो कोण काढतं, कसा काढतं, आणि कुणासाठी काढतं?

सुरुवात घरापासून करते. काही वर्षांपूर्वी माझी आई नाशिकहून आमच्याकडे आली, ऐन जानेवारीत. वय ७४, पण रोज सकाळी फिरायला जायचा नेम कधी मोडलेला नाही. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका शहरात राहत होतो. मोठं वादळ झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता काळा दिसायला लागला, गाड्या धावू लागल्या. आई बूट, कानटोपी घालून निघाली आणि कोपऱ्यावरून परत आली. प्लाऊने, म्हणजे पुढे मोठं पातं लावलेल्या बर्फ लोटणाऱ्या गाडीने, रस्त्यातला सगळा बर्फ कडेला लोटला होता, आणि नेमका रस्ता ओलांडायच्या जागी त्याचा मांडीएवढा वरंबा घातला होता. शेतात सरी ओढताना मातीचा होतो तसाच वरंबा, पण रात्रीत गोठून दगड झालेला. वर चढावं तर पाय घसरणार, वळसा घालावा तर रस्त्यात गाड्यांपुढे उतरावं लागणार. आई नऊ दिवस खिडकीशी बसून होती. शहराच्या हिशेबात मात्र आमचा रस्ता पहिल्याच दिवशी साफ झाला होता.

तेव्हापासून कुठल्याही शहराने बर्फ काढला असं कुणी म्हटलं, की मी विचारते, काढला म्हणजे कुठून काढला?

कारण बर्फ लोटणं वेगळं आणि उचलणं वेगळं. ताजा पडलेला बर्फ कापसासारखा असतो, त्यात हवाच जास्त. लोटून दाबला गेला की तेवढ्याच जागेतला बर्फ कितीतरी पटींनी जड होतो. मग बर्फ वितळवायला मीठ आहेच. पण साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं चालत नाही. कडाक्याच्या थंडीत वाळू किंवा बारीक खडी टाकतात, म्हणजे निदान पाय घसरत नाही. आणि मीठ जातं कुठे? विरघळून गटारात, तिथून नदीत. म्हणून ते हात राखून टाकावं लागतं.

उचलण्याचं काम बघायचं असेल तर कॅनडातल्या मॉन्ट्रियलला जा. तिथे वर्षाला साधारण दोन मीटर बर्फ पडतो. रस्ते आणि फुटपाथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर, त्यासाठी ३,००० च्या आसपास माणसं आणि दोन हजारांवर यंत्रं. वादळ चालू असताना मीठ आणि प्लाऊ, हे सगळीकडेच होतं. पण दहा-पंधरा सेंटीमीटरच्या वर बर्फ साचला, की तिथे तो उचलायचं ठरतं. रस्त्याकडेला नारिंगी पाट्या लागतात: अमुक वेळेत इथे गाडी उभी करू नका. थोड्या वेळाने गाडी ओढणाऱ्या ट्रकचा भोंगा गल्लीतून फिरतो. तिथले लोक झोपेतून उठून, पायजम्यावर कोट चढवून गाडी हलवायला पळतात. ज्यांची राहिली त्यांची गाडी ओढून जवळपासच्या साफ झालेल्या गल्लीत नेऊन ठेवतात, मग सकाळी शोधाशोध.

मी एकदा मैत्रिणीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून हे रात्री दोन वाजता पाहिलं. आधी आली फुटपाथवरची यंत्रं, रणगाड्यासारखा पट्टा असलेली, फुटपाथच्या रुंदीत बसतील इतकी लहान. फुटपाथवरचा बर्फ त्यांनी रस्त्यात ढकलला. मागून ग्रेडर आला, पोटाखाली लांब पातं असलेली गाडी, त्याने सगळा एका ओळीत घेतला. त्याच्यामागे ब्लोअर, बर्फ उडवून फेकणारं यंत्र. पुढचं मळसूत्र बर्फ आत ओढत होतं आणि उंच नळीतून शेजारी चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकत होतं. ट्रक भरला की निघून गेला, त्याची जागा मागच्याने घेतली, ब्लोअर थांबलाच नाही. अर्ध्या तासात गल्लीचा डांबरी तळ दिसायला लागला. वरंबा नाही, कोपरा मोकळा. मला आईची फार आठवण झाली.

हा ब्लोअर मॉन्ट्रियलच्याच माणसाने घडवला. आर्थर सिकार्ड, साल १९२५. शेतातलं मळणीयंत्र पाहून त्याला ही युक्ती सुचली असं सांगतात. पहिलं यंत्र १९२७ मध्ये शेजारच्या ऊत्रमों गावाने घेतलं. आपल्याकडे मळणी पाहिलेल्या माणसाला ब्लोअर लगेच कळेल, दाण्याऐवजी बर्फ इतकाच फरक.

उचललेला बर्फ टाकायचा कुठे, हा खरा डोकेदुखीचा भाग. पूर्वी तो सेंट लॉरेन्स नदीत ओतत. त्यात मीठ, तेल, गाड्यांच्या धातूचा कीस असतो म्हणून ते बंद झालं. आता काही बर्फ मोठ्या गटारांमध्ये सोडतात, बाकीचा ठरलेल्या जागांवर नेतात. सगळ्यात मोठी जागा फ्रँकॉन, जुनी चुनखडीची खाण. तिथे हिवाळ्यात बर्फाचा डोंगर होतो. वरून काळा पडलेला हा डोंगर भर उन्हाळ्यातही शिल्लक असतो. हा सगळा खर्च तिथले लोक कुरकुरत का होईना, करातून भरतात.

कुरकुर तर सगळीकडेच असते, पण बर्फावरून सरकारं हलली आहेत. फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कला पंधरा इंच बर्फ पडला. शहराची ४० टक्के यंत्रं तेव्हा नादुरुस्त होती. मॅनहॅटन लवकर मोकळं झालं, पण क्वीन्समधल्या गल्ल्या कित्येक दिवस तशाच. एकूण ४२ माणसं गेली, त्यातली जवळजवळ निम्मी क्वीन्समधली. संयुक्त राष्ट्रांचे राल्फ बंच, शांततेचं नोबेल मिळालेले, तिथेच राहायचे, त्यांनी महापौरांना तक्रारीची तार केली. महापौर जॉन लिंडसे क्वीन्समध्ये गेले तेव्हा त्यांची गाडी बर्फात अडकली आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्या जूनमध्ये ते स्वतःच्या पक्षाची उमेदवारी हरले, नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पक्षातर्फे कसेबसे निवडून आले. दहा वर्षांनी, १९७९ च्या जानेवारीत, शिकागोत तेच झालं. गल्ल्या अडल्या, आणि लोकलगाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली काही स्थानकं न थांबता ओलांडून जाऊ लागल्या. फेब्रुवारीत महापौर बिलँडिक हरले, जेन बर्न आल्या, शहराच्या पहिल्या महिला महापौर. बर्फ खूप पडला याचा राग लोकांना नव्हता. आमच्या गल्लीचा नंबर शेवटी का, हा राग होता.

नंबर कसा लावायचा, हा प्रश्न स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या छोट्या शहराने २०११ च्या सुमाराला मुळातून विचारला. आधी मोठे रस्ते, मग गल्ल्या, शेवटी फुटपाथ, हा क्रम कुणाच्या सोयीचा? कामावर गाडी नेणाऱ्याच्या, म्हणजे बहुतेक वेळा पुरुषांच्या. पाळणाघर, बसथांबा, दुकान असं पायी फिरणाऱ्यांत बायका जास्त, आणि बर्फावर घसरून हाडं मोडणाऱ्यांतही त्याच जास्त. दहा सेंटीमीटर बर्फातून गाडी जाते, बाबागाडी ढकलून पाहा. त्यांनी क्रम उलटा केला: आधी फुटपाथ, सायकलवाटा, पाळणाघरांचे रस्ते. पुढे स्टॉकहोमने हीच कल्पना उचलली. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथे शंभर वर्षांतल्या कुठल्याही नोव्हेंबरात झाला नव्हता इतका बर्फ पडला, शहर ठप्प झालं आणि खापर या धोरणावर फुटलं. मला ते पटत नाही. मोठ्या रस्त्याचा प्लाऊ फुटपाथवर चालत नाही. क्रम बदलायचा तर त्याला लागणारी यंत्रंही घ्यावी लागतात.

आणि इथे, अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत, फुटपाथचं काम घरमालकावर सोडलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये दिवसा बर्फ थांबल्यापासून चार तासांत तो काढायचा असा नियम आहे, शिकागोतही जबाबदारी मालकाचीच. म्हणजे दहा घरांपैकी एक मालक गावाला गेलेला असला, की तिथे वाट तुटली. शिवाय कोपऱ्यावरचा वरंबा कुणाचा? घरमालक म्हणतो तो प्लाऊने टाकला, शहर म्हणतं फुटपाथ तुमचा.

तुमच्यापैकी किती जणांचे आई-वडील यंदा हिवाळ्यात इथे आहेत? हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह. पुढच्या वादळानंतर त्यांना बरोबर घ्या आणि घरापासून बसथांब्यापर्यंत चालून पाहा. कुठल्या कोपऱ्यावर त्यांनी तुमचा हात घट्ट धरला, तो कोपरा लिहून ठेवा, फोटो काढा आणि नगरपालिकेच्या तक्रार क्रमांकावर पाठवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तो तसाच असेल तर पुन्हा पाठवा. मी हे तीन हिवाळे करते आहे. आमच्या शाळेसमोरच्या दोन कोपऱ्यांवर आता लहान यंत्र येतं, सकाळी सातच्या आत.