आह : घराचा दिवस

[दृश्य : डोंगरउतारावरची मक्याची शेतं, त्यांवर उतरलेलं धुकं. मोमोस्तेनांगो, ग्वाटेमाला.]

ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात, तोतोनिकापान प्रांतात, मोमोस्तेनांगो हे गाव आहे. इथली वस्ती किचे माया लोकांची. माया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जंगलात हरवलेले पिरॅमिड येतात. पण किचे भाषा आजही लाखो लोक बोलतात आणि 260 दिवसांची जुनी मोजणी, म्हणजे चोलकीह, या गावात आजही चालू आहे. ती सांभाळणाऱ्याला किंवा सांभाळणारीला आहकीह म्हणतात.

मोजणी कळायला सोपी आहे. दिवसांची नावं 20, आकडे 1 ते 13, आणि दोन्ही रोज एकेक पाऊल पुढे जातात. आज 8 बाट्स असेल तर उद्या 9 ए, परवा 10 आह. तेराव्यानंतर पुन्हा 1, विसाव्या नावानंतर पुन्हा पहिलं. तोच आकडा त्याच नावाला पुन्हा गाठतो तो 260 दिवसांनी. इथे अधिक महिना नाही, तिथीचा क्षय नाही.

या 20 दिवसांतला आह हा घराचा दिवस. घर, मुलंबाळं, पेरणी, घरातली जनावरं, सगळं याच्या पदरात. त्यामागची कथा पोपोल वूह या किचे ग्रंथात आहे. हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मध्याला लिहिला गेला. आज आपल्या हाती आहे ती फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चिचिकास्तेनांगोत केलेली नक्कल.

[दृश्य : मातीची जमीन, मक्याची कणसं, धुपाचा धूर.]

हुनाहपू आणि श्बालांके हे जुळे भाऊ शिबाल्बाला, म्हणजे मृत्यूच्या राज्यात, निघाले आहेत. निघण्याआधी ते आजीच्या घरात, अगदी मधोमध, मक्याचं एकेक हिरवं कणीस लावतात. सांगतात, हे वाळलं तर समज आम्ही गेलो, पुन्हा फुटलं तर समज आम्ही आहोत. जागा कुठली, ते ग्रंथ मुद्दाम सांगतो : डोंगरात नाही, ओलाव्याच्या मातीत नाही, घरातल्या कोरड्या जमिनीत. तिकडे ते भट्टीत जळतात, इकडे मका वाळतो. आजी त्या मक्यापुढे धूप जाळते, रडते. मग मका पुन्हा फुटतो. आजी त्याला देवपण देते आणि नावं ठेवते : घराचा मध्य, पिकाचा मध्य, जिवंत हिरवा मका, मातीचं अंथरूण.

शिबाल्बा जिंकतात ते जुळे, पण मध्य सांभाळते ती घरात राहिलेली आजी, आणि तीही कोरड्या जमिनीवर. किचे लोकांच्या लेखी स्थैर्य असं राखावं लागतं, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी. मन लागत नाही, घरात आजारपण हटत नाही, भावाभावांत धुसफूस आहे, अशी तक्रार घेऊन माणूस आला की आहकीह शोधतो ते हेच : पूर्वजांचं कुठलं देणं राहून गेलंय?

हे देणं द्यायच्या जागाही ठरलेल्या. भाऊबंदांचं, एका कुळाचं, मिळून एक स्थान असतं. त्याला 'वराबाल हा' म्हणतात, म्हणजे घराच्या पायाचं स्थान. घर बांधण्याआधी, सून घरात येण्याआधी तिथे जाऊन पूर्वजांच्या कानावर घालायचं. गावाची स्थानं वेगळी. 1 आकड्याच्या दिवशी 'पाहा' नावाच्या स्थानी जायचं, 8 आकड्याच्या दिवशी 'चुती सबाल'ला, 9 आकड्याच्या दिवशी 'नीमा सबाल'ला.

आकड्याला एवढं महत्त्व का? 1, 2, 3 हे सौम्य. 11, 12, 13 हे जोरकस, प्रसंगी उग्र. 7, 8, 9 हे मधले, तोल धरणारे. म्हणून नेमाची बरीचशी कामं मधल्या आकड्यांवर ठेवतात. सरसकट 'आज आह आहे, घरासाठी शुभ आहे' असं म्हणणारा अर्धीच मोजणी वाचतोय. 13 आह आणि 8 आह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

[दृश्य : लाल बिया हातात घेताना. नंतर अग्निविधीची मांडणी.]

सल्ला विचारायला आलेल्यासाठी आहकीह त्सितेच्या लाल बिया वापरतो. त्सिते म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं झाड. ढिगातून मूठभर बिया उचलायच्या, चार-चारचे गट ओळीने मांडायचे आणि एकेका गटावर एकेक दिवस मोजत जायचं. मोजताना तो स्वतःच्या अंगाकडेही लक्ष ठेवून असतो. रक्तात वीज लकाकल्यासारखी होते, तिला कोयोपा म्हणतात. ती अंगाच्या डाव्या बाजूला उठली की उजव्या, पुढे की पाठीत, यावरून अर्थ लागतो. शिकाऊ आहकीहची तालीम 260 दिवसांची, आणि विधीच्या दिवशी भांडण, चहाडी, शरीरसंबंध वर्ज्य. हा निव्वळ सोवळेपणा नाही असं मला वाटतं. डोकं तापलेलं असेल तर रक्तातली एवढी बारीक हालचाल कुणाला कळणार?

अग्निविधीत जमिनीवर आधी साखरेचं वर्तुळ काढतात, आत फुली. फुलीची चार टोकं चार दिशांना : पूर्वेला लाल मेणबत्त्या, पश्चिमेला काळ्या, उत्तरेला पांढऱ्या, दक्षिणेला पिवळ्या. मध्यावर निळ्या आणि हिरव्या, आकाशाच्या आणि धरतीच्या. त्यावर पोम, म्हणजे कोपाल झाडाचा डिंक, आणि मग पेटवणं. जाळ धरला की विसाही दिवसांना 1 ते 13 मोजून हाक मारायची, एकूण 260 हाका. पोम दमट असला तर जाळ न धरता नुसता धूर होतो. म्हणून तो कोरडा ठेवायचा, आणि काठीने जाळ सारखा हलता ठेवायचा. घाईत काही दिवस गाळले, तर तेवढ्या दिवसांना बोलावणंच गेलं नाही.

घरातला अग्नी तीन दगडांच्या चुलीत. तीच चूल किचे लोकांना आकाशात दिसते. आपल्या मृग नक्षत्रातल्या बाणाचा खालचा तारा आणि मृगाचे दक्षिणेकडचे दोन पाय, हे तिचे तीन दगड, आणि मधला अंधुक तेजोमेघ म्हणजे धूर. ही कल्पना कालची नाही. ग्वाटेमालातल्याच किरिग्वा या प्राचीन माया नगरातल्या इ. स. 775 च्या शिलास्तंभावर, ज्याला आज स्तंभ 'सी' म्हणतात, सध्याच्या सृष्टीची सुरुवात तीन दगड मांडून झाल्याचं कोरलेलं आहे. दिवस दिलाय 4 आहाऊ (260 दिवसांच्या मोजणीतला) 8 कुमकू (365 दिवसांच्या वर्षातला), म्हणजे आपल्या हिशेबात इ. स. पूर्व 3114.

आता एक सावधगिरी, कारण हे सगळं तारखेवर उभं आहे. 'माया राशी' सांगणारी बरीच ॲप आणि संकेतस्थळं चोलकीह मोजतच नाहीत. ती होसे आर्ग्वेयेस या अमेरिकी लेखकाने तयार केलेली 'ड्रीमस्पेल' मोजणी वापरतात. तिच्यात 29 फेब्रुवारी हा दिवस धरत नाहीत, त्यामुळे दर लीप वर्षाला ती डोंगरातल्या मोजणीपासून आणखी एक दिवस सरकते. मोमोस्तेनांगोच्या आहकीहने विचारलं असतं की मधला एक दिवस गेला कुठे?

पडताळा घरबसल्या घेता येतो. 5 ऑक्टोबर 2025 हा 8 बाट्स होता, नव्या आहकीहना दीक्षा देण्याचा मोठा दिवस. म्हणजे 7 ऑक्टोबरला 10 आह. पुढचा आह काढायला तारखेत 20 मिळवायचे आणि आकड्यात 7. बेरीज 13 च्या वर गेली तर 13 वजा करायचे. 27 ऑक्टोबर 4 आह, 16 नोव्हेंबर 11 आह, 6 डिसेंबर 5 आह. असंच जात राहिलं की मधल्या आकड्याचा 8 आह येतो 5 एप्रिल 2026 ला. हाताशी असलेलं ॲप त्या तारखेला दुसरंच काही दाखवत असेल, तर ते चोलकीह मोजत नाही.