सही नसलेलं कपाट

मंडळी, पडद्यावरचं हे ओकचं खणांचं कपाट इंग्लंडमधलं, 17व्या शतकातलं. त्याआधी घरोघरी पेटारा असे. तळातली चादर हवी, तर वरचं सगळं उपसा. मग पेटाऱ्याच्या पोटात खाली एक खण आला आणि हळूहळू खणांनी पेटाराच गिळला. हे प्रथम कुणी केलं? नाव सापडत नाही. हे कारागीर सहसा सही करत नसत.

पण त्यांची जात, म्हणजे धंद्याची, लाकडात दिसते. लंडनच्या जॉइनरांच्या, म्हणजे लाकूड सांधून सामान करणाऱ्या सुतारांच्या, संघाला 1571 मध्ये राणी एलिझाबेथनं सनद दिली. कार्पेंटरांशी त्यांचे तंटे चालूच. शेवटी 1632 मध्ये शहराच्या आल्डरमन, म्हणजे ज्येष्ठ नगरसेवकांच्या, मंडळानं वाटणी केली: खिळे ठोकून जोडलेल्या फळ्या कार्पेंटरच्या, खाचेत टोक बसवून किंवा सरसानं सांधलेलं काम जॉइनरचं. या कपाटाची चौकट खाचेत टोक बसवून, त्यात खुंटी ठोकून सांधली आहे, तेव्हा हात जॉइनरचा. आणि कायद्यानं उमेदवारी किमान सात वर्षांची!

आता लाकूड बघा. उत्तम ओक करवतीनं कापत नसत, ओला असतानाच ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे पाचर मारून फाडत. अशा फळीवर चंदेरी झाक उमटते आणि ती फारशी वाकत नाही. तरी ओलं लाकूड आकसणारच. म्हणून बाजूच्या फळ्या चौकटीच्या खोबणीत सरस न लावता मोकळ्या सोडायच्या. सांध्यातली खुंटी मात्र वाळलेली. जोसेफ मॉक्सन, मूळचा नकाशे आणि पृथ्वीगोल करणारा, त्यानं 1678च्या सुमारास जॉइनरांचं काम लिहून ठेवलं. तो सांगतो, आत शिरणाऱ्या टोकातलं भोक बाहेरच्या भोकापेक्षा शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकं खांद्याकडे, म्हणजे टोक जिथून सुरू होतं त्या बाजूला, सरकवून पाडा. खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळतो. केवढी अक्कल आहे यात! सरसाची गरजच नाही.

नाव टिकलेला एक जॉइनर आहे, सिम्पसन. गोदीत काम करणारा. 1666 मध्ये त्यानं सॅम्युअल पीप्ससाठी ओकची पुस्तकांची कपाटं केली, ती आज केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. गिऱ्हाईक रोजनिशी लिहिणारं निघालं, म्हणून आपल्याला तो ठाऊक. बाकीच्यांना असं गिऱ्हाईक मिळालं नाही.

तेव्हा असं कपाट विकत घेताना दर्शनी भागावर भाळू नका. खण बाहेर ओढा. बाजूच्या फळीत लांब खोबण असेल आणि खण आतल्या पट्टीवर लोंबत सरकत असेल, तर ती जुनी पद्धत. तळफळ्या पुढून मागे गेल्यात का तेही बघा, नंतरच्या काळात त्या आडव्या बसू लागल्या. खिळ्याभोवती निळसर काळा डाग हवा, ओकमधलं टॅनिन लोखंडाला काळं करतं. आणि समोर ठसठशीत सन कोरलेला दिसला, तर जरा जास्तच संशय घ्या. जुन्या साध्या ओकवर नक्षी आणि सन कोरून ते ‘अधिक जुनं’ करायची हौस व्हिक्टोरियाच्या काळात फार होती.