जिला आपण अर्थिंग म्हणतो

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, वेल्डिंगची कामं करणारे कारागीर आणि शेतकरी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

भावांनो, आणि मागं ओसरीत बसलेल्या बायांनो,

खंडेनवमीला तुमच्यापैकी बहुतेकांनी आपापल्या वेल्डिंग मशीनला झेंडूचा हार घातला असेल. मीही घातला. बत्तीस वर्षं झाली, याच मशीनवर माझं घर चाललं. वखराच्या पासा जोडल्या, बंडीचे आख दुरुस्त केले, ट्रॉल्या बांधल्या, टिनाचे गोठे उभे केले. हार घालताना आपण मशीनच्या अंगावर हात ठेवतो. त्या अंगाबद्दल, मशीनच्या पत्र्याच्या खोक्याबद्दल, मला आज सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आपल्या दुकानात दिवसभर एक आरोळी चालू असते, "अर्थिंग लाव रे!" पोरगा मशीनच्या दुसऱ्या केबलचं टोक ओढत नेतो आणि जॉबला, म्हणजे जे लोखंड जोडायचं त्याला, चिमटा लावतो. चिमटा तुटला असेल तर केबलला बांधलेला लोखंडाचा तुकडा जॉबवर टाकून देतो. याला आपण अर्थिंग म्हणतो. ही अर्थिंग नाही. तिचं काम वेगळंच आहे. ती परतीची वायर आहे. मशीनमधून करंट रॉड धरायच्या होल्डरच्या केबलने निघतो, रॉडमधून ठिणगी होऊन जॉबमध्ये उतरतो आणि या दुसऱ्या केबलने मशीनमध्येच परत येतो. बैल घाण्याभोवती फिरतो तसा तो तिथल्या तिथे फिरतो.

खरी अर्थिंग म्हणजे मशीनच्या पत्र्याच्या अंगापासून निघून जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत गेलेली हिरवी तार. शब्द एकच आणि वस्तू दोन. आपण तो शब्द चिमट्याला देऊन टाकला, म्हणून ती हिरवी तार कुणाला आठवतच नाही. माल घ्यायला गेलो की विचारतो, "अर्थिंग आहे का?" दुकानदार चिमटा दाखवतो. आपलं समाधान होतं.

मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. जुलै महिना, दोन दिवसांची झड लागलेली. दुकानाचं छत गळत होतं आणि दारात ओल आली होती. आमच्याकडे तेलाची मोठी मशीन होती, दोन फेजवर चालणारी, चाकं लावलेली. माझ्याच वयाचा एक पोरगा तिथं होता. तो दोन दिवसांपासून म्हणत होता, "दादा, मशीन थोडी करंट मारते." सगळे म्हणाले, ओलीमुळे असेल. तिसऱ्या दिवशी मशीन आत ओढायला त्याने अनवाण्या पायाने दांडा धरला आणि तो सुटेचना. तोंडातून आवाजही निघत नव्हता, नुसता कापत होता. उस्तादांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून पोरगा वाचला. त्याच्या तळहातावर दांड्याच्या रुंदीचा पांढरा पट्टा उमटला होता. तो पुन्हा या कामावर आला नाही.

संध्याकाळी मी त्या मशीनचा प्लग उघडला. आत हिरवी तार होती, पण कापलेली. टोक मागं मुडपून त्यावर काळी टेप गुंडाळली होती, अगदी नीटनेटकी. विचारलं तेव्हा कळलं, की ती जोडली की फ्यूज उडायचा, म्हणून कुणीतरी काढून टाकली. भावांनो, ती तार फ्यूज उडवून सांगत होती, की मशीनच्या आत कॉइलचं इन्सुलेशन गेलं आहे आणि करंट पत्र्यावर आला आहे. आम्ही मशीन दुरुस्त करायची सोडून सांगणाऱ्याचं तोंड बांधलं. माझ्या हातून आजवर कितीतरी प्लग उघडले गेले. अशी मुडपलेली हिरवी तार मी एकदाच पाहिली असती तर आज इथं बोलायला उभा राहिलो नसतो.

आता हिशेब ऐका. मशीनच्या अंगावर २३० व्होल्ट आले आणि अर्थिंगचा अडथळा २ ओहम असेल, तर ११५ अँपिअर करंट जमिनीत धावतो आणि ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडतो. तीच अर्थिंग ५० ओहमची असेल तर साडेचार अँपिअरच जातात. एमसीबी ढिम्म हलत नाही आणि मशीनचं अंग जिवंत राहतं. म्हणून खड्डा नावापुरता असून भागत नाही. कित्येक जण फेज आणि अर्थिंगमध्ये शंभराचा बल्ब लावून पाहतात आणि तो पेटला की अर्थिंग चांगली आहे असं समजतात. बल्ब अर्धा अँपिअरही ओढत नाही, त्यामुळे ५० ओहमच्या वाईट अर्थिंगवरही तो छान पेटतो. त्या उजेडावर विश्वास ठेवू नका. अर्थ टेस्टर असलेल्या वायरमनकडून मोजून घ्या.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. पावसाळ्यात ओली असते तेव्हा ती करंट चांगला नेते. एप्रिल-मे महिन्यांत वावराला हात जाईल अशा भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपाभोवतीही तशीच भेग पडते, माती पाइपाला सोडून मागं सरकते आणि मध्ये हवा राहते. म्हणजे पावसाळ्यात केलेली अर्थिंग उन्हाळ्यात नसल्यासारखी होते. खड्डा सावलीत घ्या, न्हाणीचं पाणी जिरतं तिथं घ्या. पाइप अडीच मीटर खोल जाऊ द्या, भोवती कोळसा आणि मीठ भरा, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून बादलीभर पाणी ओता. तुळशीला घालताच की आपण.

दोन जुगाड मात्र आजपासून बंद करा, हात जोडून सांगतो. पहिला म्हणजे न्यूट्रल मशीनच्या अंगाला जोडून तीच अर्थिंग समजायची. डीपीकडून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडून, येणारी न्यूट्रल कुठं तुटली, तर मशीन चालू करताच तिचं अख्खं अंग २३० व्होल्टचं होतं. दुसरा वावरातला. एक फेज घ्यायचा आणि न्यूट्रलऐवजी जमिनीत सळई ठोकायची. मशीन मंद चालते, आणि सळईभोवतीची जमीन जिवंत होते. माणसाच्या दोन पावलांत दीड-दोन फूट अंतर असतं. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याहून कितीतरी जास्त, आणि त्याचं काळीज दोन्हींच्या मध्ये असतं. माणसाला झिणझिण्या येतात त्याच जागी ढोर मरतं.

मशीनसाठी वेगळा मेन स्विच, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की पडणारा स्विच, घ्या. मेन हात पोहोचेल असा ठेवा, ढेपेच्या पोत्यांमागं नको. केबल गुंडाळलेली ठेवून काम करू नका, वेटोळ्यात ती तापते आणि रबर वितळतं.

आरसीसीबीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. "आरसीसीबी लावला, आता काही होत नाही." तो मेनकडून मशीनपर्यंतच राखण करतो. मशीनच्या आतली दुसरी कॉइल वेगळी आहे, होल्डरकडचा करंट त्या दुसऱ्या वाटेचा आहे. तिकडे तुम्हाला शॉक बसला तर आरसीसीबीला कळतच नाही. आणि होल्डरवर ठिणगी नसते तेव्हा, म्हणजे मशीन नुसती चालू असताना, ७० ते ८० व्होल्ट उभे असतात. ठिणगी पडली की ते २५-३० वर उतरतात. म्हणजे धोक्याची वेळ काम करतानाची नाही, रॉड बदलतानाची आहे.

८० व्होल्ट काय करतात, असं पोट्टे मला विचारतात. कातडी कोरडी असेल तर फार काही करत नाहीत. पण आपला मे महिना ४५ डिग्रीचा. सदरा घामाने चिंब, हातमोजा घामाने ओला, आणि तुम्ही टिनाच्या छतावर किंवा लोखंडी टाकीत बसलेले. ओल्या अंगाचा अडथळा हजार ओहमवर येतो. ८० व्होल्टला हजाराने भागा, ८० मिलिअँपिअर. पंधराएक मिलिअँपिअरलाच हाताची मूठ सुटत नाही, आणि पन्नासच्या पुढं हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून चामड्याच्या कोरड्या हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, एक वाळत राहील. खाली कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट घ्या. होल्डर काखेत धरू नका, केबल गळ्यात किंवा खांद्यावर गुंडाळू नका. तापलेला होल्डर पाण्यात बुचकळायची सवय ज्याला आहे, त्याने ती आजच सोडावी. टाकीत किंवा विहिरीतल्या पाइपावर काम असेल तर वर मेनजवळ माणूस उभा पाहिजे आणि त्याने जागा सोडायची नाही. नवी मशीन घेणाऱ्यांनी, रिकाम्या वेळी व्होल्टेज आपोआप खाली आणणारी सोय तीत आहे का, हे विचारून घ्यावं.

आणि तो चिमटा! त्याचं नाव चुकलं असलं तरी त्याचं महत्त्व कमी नाही. तो जॉबवरच लावा, जिथं झाळ द्यायची त्याच्या जवळ, गंज आणि रंग घासून. लांब लावला की करंट आपली वाट आपण शोधतो. ट्रॉलीच्या हुकाला झाळ देताना चिमटा ट्रॅक्टरच्या बंपरला लावला, तर तो करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पाडतो. ट्रॅक्टरवर काम करायच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा. आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिली. चिमटा ढिला होता आणि जॉबवर ग्राइंडर ठेवलेला. शेदोनशे अँपिअरना परतीची वाट मिळेना, तेव्हा ते ग्राइंडरच्या हिरव्या तारेने निघाले. ती तार आतल्या आत जळाली. बाहेरून ग्राइंडर धडधाकट दिसत होता, पण त्याची राखण संपली होती.

आता कापूस. आठ-पंधरा दिवसांत सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होईल, पहिला वेचा घरात येईल. माघ-फाल्गुनापर्यंत पुढची खोली कापसाने भरलेली आणि मागच्या अंगणात कुटाराचा ढीग, पऱ्हाटीचा ढीग. अशा घरी आपण खिडकीची जाळी बसवायला जातो. वेल्डिंगचे तप्त कण दहा-अकरा मीटरपर्यंत उडतात, वर चढून काम केलं तर आणखी लांब, आणि दाराच्या फटीतून आत जातात. कुटार भडकतं, ते दिसतं. कापूस आत धुमसतो. वरून पांढराशुभ्र, आत निखारा. आपण पैसे घेऊन घरी जातो, जेवतो, झोपतो, आणि रात्री एकला त्या घरातून आरडाओरडा होतो. म्हणून कापूस भरलेल्या घरात जाळी बसवायचं काम मी घेत नाही. जाळी दुकानात झाळून नेतो आणि तिथं नटबोल्टने बसवतो. पाच-पन्नास रुपये जास्त लागतात, ते मी मागून घेतो. तिथंच करणं भाग असेल तर फटी ओल्या बारदानाने बुजवा, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथंच बसा. चहा घ्या, पण बसा. हातानं चाचपून पहा, नाकानं वास घ्या.

फवारणीच्या औषधाचा, डिझेलचा, ऑइलचा रिकामा ड्रम झाळायला आला तर परत पाठवा. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

डोळ्यांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको, रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन उठून बसलेले इथं निम्मे आहेत. ठिणगी दुपारी पाहिली, दुखणं सहा ते बारा तासांनी येतं, म्हणून लेकराला कळतच नाही की कशाने झालं. शेजारची लेकरं बघायला जमतात ना, त्यांना हाकला. उन्हाचा गॉगल इथं काही कामाचा नाही. काच दहा-अकरा नंबरची पाहिजे. जॉब धरणाऱ्या पोराला मान वळवायला सांगू नका, त्यालाही काच द्या. बटाट्याची फोड, कच्चं दूध डोळ्यात घालू नका, त्यातून जंतू जातात. मेडिकलमधून बधिर करणारा थेंब आणून वारंवार घालणं तर त्याहून घातक, बुबुळाची जखम भरत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

धुराचं थोडक्यात सांगतो. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वेल्डिंगचा धूर नक्की कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत टाकला, बिडीच्या धुराच्या यादीत. वाऱ्याकडे पाठ करू नका, बाजू करा, म्हणजे धूर तोंडापुढं साचत नाही. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप झाळला की पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. आपण मलेरिया समजतो. तो जस्ताचा ताप आहे. झाळायच्या जागेचं जस्त आधी घासून काढा. गूळ आणि दूध खाऊन तो टळत नाही.

कुणाला शॉक लागलाच, तर आधी मेन. मेन लांब असेल तर कोरडं लाकूड. माणसाला हात लावायचा नाही. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, पाच सेंटिमीटर दबेल इतकं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. मातीत पुरण्यात, तळपाय चोळण्यात वेळ घालवू नका.

सरपंचांनी बाहेर लिंबाखाली दोन मशीन आणून ठेवल्या आहेत, गावातल्याच. मी स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर घेऊन आलो आहे. चला, आधी मेन बंद आहे ना ते एकाने पाहून यावं आणि तिथंच उभं राहावं. मग दोन्ही प्लग उघडू, हिरवी तार आहे का ते पाहू. ज्यांच्या मशीन घरी आहेत त्यांनीही जाऊन प्लग आणावेत, मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथंच आहे.