साक्षीचं समन्स आलंय? मग उलटतपास समजून घ्या

नमस्कार. साताऱ्याच्या सत्र न्यायालयातून साक्षीचं समन्स आलंय आणि तुम्ही म्हणताय, 'पोलिसांना सगळं सांगून झालंय, आता परत काय?' हा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे.

पोलिसांनी तपासात घेतलेला तुमचा जबाब म्हणजे पुरावा नव्हे. त्यावर साक्षीदाराची सहीही घ्यायची नसते. शपथ घेऊन, न्यायाधीशांसमोर तुम्ही जे सांगाल, तो पुरावा. १ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हे बदललेलं नाही.

आरोपीनं गुन्हा नाकबूल केला की सरकारी पुराव्यासाठी तारीख लागते. पुकारा झाला की तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. आधी सरकारी वकील सरतपास घेतात, म्हणजे तुम्हाला पहिले प्रश्न विचारतात. 'आरोपीच्या हातात कोयता होता ना?' असं त्यांना सहसा विचारता येत नाही, कारण त्या प्रश्नातच उत्तर आहे. 'हातात काय होतं?' असं विचारावं लागतं.

मग आरोपीच्या वकिलांचा उलटतपास. इथं मात्र असे सूचक प्रश्न चालतात, आणि तुमचा तो पोलीस जबाब इथंच बाहेर येतो. समजा, बांधावरून मारामारी झाली. कोर्टात तुम्ही सांगितलं, 'दोन नंबरच्या आरोपीनं पाय धरले, एक नंबरनं वार केला.' जबाबात पाय धरल्याचं एक अक्षर नाही. वकील विचारणार, 'हे पोलिसांना सांगितलं होतं?' तुम्ही म्हणणार, 'सांगितलं होतं.' मग साक्षीत वाक्य उतरतं: 'जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.' पुढे तपासी अंमलदाराची साक्ष होते, तेव्हा त्यांनाही हेच विचारतात. साक्षीदारानं तसं सांगितलं नव्हतं असं ते म्हणाले, की पाय धरल्याचं तुम्ही नंतर जोडलं असं दिसतं, आणि दोन नंबरच्या आरोपीला थेट फायदा. खरं बोलणारा साक्षीदार असा अडकतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. म्हणून जबाब देतानाच पोलिसांना तो वाचून दाखवायला सांगा, राहिलेलं तिथंच लिहून घ्यायला लावा.

'तुम्ही तिथं नव्हताच' असं वकील म्हणतील. चिडू नका. वकिलांचं म्हणणं हा पुरावा नसतो, तुमचं उत्तर हा पुरावा असतो. 'खोटं आहे' एवढं पुरे. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाजानं वेळ आणि अंतर सांगू नका.

साक्षीदार उलटला, तर न्यायालयाच्या परवानगीनं सरकारी वकीलच त्याला उलटतपासाचे प्रश्न विचारू शकतात. साक्षीदाराच्या अशा उलटण्यालाच फितूर होणं म्हणतात. पण त्याची सगळी साक्ष बाद होत नाही. विश्वासार्ह भाग वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये भगवान सिंग खटल्यात स्पष्ट केलंय.

उलटतपासातल्या एखाद्या मुद्द्याचा खुलासा हवा असेल तर सरकारी वकील तुम्हाला पुन्हा प्रश्न विचारतात, तो फेरतपास. तो बहुधा दोन-चार प्रश्नांतच आटोपतो.

साक्ष संपली की लगेच निघू नका. लिहिलेली साक्ष तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे, आणि ती तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत असेल तर समजावून सांगितली पाहिजे. चूक दिसली तर तिथंच सांगा. न्यायाधीशांना दुरुस्ती पटली नाही, तरी तुमची हरकत त्यांना टिपून ठेवता येते.