तोम रिम: व्हिएतनामची आटवलेली कोळंबी

श्रोतेहो, नमस्कार. आजचा पदार्थ व्हिएतनामी घरांतला, रोजच्या भाताबरोबरचा: तोम रिम. तोम म्हणजे कोळंबी आणि रिम म्हणजे मंद आचेवर रस आटवत नेणं. यात हळद नाही, वाटण नाही. रंग साखरेचा आणि खारटपणा नुओक मामचा, म्हणजे फिश सॉसचा. फू क्वोक बेटावर मांदेलीच्या कुळातले छोटे मासे मिठात घालून लाकडी पिंपांत वर्षभर मुरवतात, त्याचा हा अर्क. तेव्हा कोळंबीला सवयीनं मीठ चोळू नका.

अर्धा किलो मध्यम कोळंबी घ्या. टोकं-मिशा कात्रीनं छाटा, पाठ चिरून काळा दोरा काढा, कवच राहू द्या. रस त्यालाच धरतो. मग फडक्यानं अगदी कोरडी करा. फ्रीझरमधली असेल तर दोनदा टिपा, नाहीतर आटवण्याऐवजी उकडणं होतं.

आता खरी परीक्षा. कढईत एक चमचा तेल, दोन मोठे चमचे साखर, आच मंद. ढवळलं तर खडे धरतात, म्हणून कढईच फिरवा. साखर आधी पिवळी, मग मधासारखी होते. तिथं घाई केलीत तर पदार्थ नुसता गोड. कडक कोऱ्या चहाचा रंग आला की लगेच आच बंद. काळी पडली तर सरळ फेका, तो कडूपणा कशानंही जात नाही. हात लांब ठेवून पाव वाटी गरम पाणी घाला. गार पाण्यानं साखर उडते आणि दगडासारखी थिजते. दक्षिण व्हिएतनाममध्ये पाण्याऐवजी शहाळ्याचं पाणी घालतात. तसं केलंत तर साखर थोडी कमी.

पुन्हा आच लावून पाच-सहा बारीक चिरलेले सांबार कांदे, चार लसूण पाकळ्या, एक मिरची आणि दीड मोठा चमचा फिश सॉस घाला. वास उग्र येईल, घाबरू नका, आटताना तो निवळतो. उकळी आली की कोळंबी. विळ्यासारखी वाकली की शिजली, कड्यासारखी वळली की चिवट झाली. तीन-चार मिनिटांत रस पातळच राहिला तर कोळंबी बाहेर काढून एकटा रस आटवा, चमच्याला चिकटू लागला की ती परत घोळवा.

शेवटी अर्धा चमचा भरड काळी मिरी, पातीचा कांदा. सोबत साधा भात आणि काकडी. रस्सा म्हणून वाढू नका: ताटभर भाताला चार-पाच कोळंब्या पुरतात.