पाहुण्याला आधी तिथी सांगा

(घरगुती निवास चालवणारी मंडळी आणि रिक्षाचालक यांच्यासमोर, हंगामाच्या तोंडावर रत्नागिरीत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित.)

नमस्कार. समोरचे बहुतेक चेहरे ओळखीचे आहेत. कुणाच्या घरी मी जेवलोय, कुणाच्या रिक्षातून पाहुणे पाठवलेत. म्हणून प्रस्तावना करत नाही, ज्यासाठी उभा राहिलोय ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पाच मुलं उतरली होती, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. सकाळी घावणे खाताना त्यांनी विचारलं, "काका, इथे काय काय बघायचं?" मी पाठ असलेली यादी म्हटली. थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, टिळकांचं घर, मांडवी, आरे-वारे. त्यांनी मोबाईलमध्ये लिहून घेतली. त्या दिवशी पौर्णिमा होती. जेवणं उरकून दुपारी अडीचच्या सुमारास ती मुलं आरे-वारेच्या पाण्यात उतरली आणि त्यातला एक ओढला गेला. किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेले दोघेजण दोरी आणि टायरची ट्यूब घेऊन धावले, म्हणून वाचला. रात्री तो माझ्या ओटीवर चादर लपेटून बसला होता. दात वाजत होते. सारखं एकच म्हणत होता, "काका, पाणी तर गुडघाभरच होतं हो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी त्यांना सगळी ठिकाणं सांगितली होती. त्या वेळी पाणी उतरतीला असेल, एवढं मात्र सांगितलं नव्हतं.

आपल्या आज्या-पणज्यांना हा हिशेब तोंडपाठ होता. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं आणि बाराच्या सुमारास सुकती. पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. हा हिशेब ठोकळ आहे, आणि तो मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून वर सरकत येते, त्यामुळे आपल्याकडे पाणी थोडं आधी भरतं. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक आता मोबाईलवरही मिळतं. पण ठोकळ हिशेब तोंडात असला की चहा देता देता सांगता येतं.

आता हाच हिशेब पौर्णिमा-अमावास्येला लावून बघा. उधाणाचे दिवस, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. अकरा-साडेअकराला भरलं की पाच-साडेपाचपर्यंत उतरत राहतं. त्या उतरतीच्या मधोमध, म्हणजे दोन-तीन वाजता, ओढ सगळ्यात जोरात. आणि आपले पाहुणे नेमके तेव्हाच सुरमईचं ताट संपवून पाण्यात उतरतात. संकष्टीचं गणित तर फारच वाईट. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनच्या आत-बाहेर भरती, आणि तिथून रात्रीपर्यंत ओहोटी. अंगारकीला गणपतीपुळ्याला हजारो माणसं दर्शन घेऊन संध्याकाळी समुद्रात जातात, तेव्हा पाणी मागे जात असतं. तिथली पुळण उतरती आहे, लाट मागे फिरताना पायाखालची वाळू घेऊन जाते. मंदिर समुद्राला लागून आहे, त्यामुळे दर्शन आणि डुंबणं एकाच दमात होतं. अशा दिवशी पाहुण्याला हात जोडून सांगा, पाय भिजवा आणि मागे या. तो नाराज झाला तरी चालेल.

समुद्र वाईट आहे, असं मी सांगत नाही. त्याच्या वेळा पाळल्या तर ह्या गावाइतकं देणारं गाव नाही.

भाट्याचंच घ्या. भरतीला गेलात तर लांबलचक पुळण, सुरूचं बन, पुढे पाणी. छान आहे, दहा मिनिटांत फोटो होतात. नागपूरहून आलेल्या एका बाई ओहोटीला तिथे पोहोचल्या आणि मला फोन केला, "अहो, समुद्र कुठे गेला?" मी म्हटलं, "ताई, तिथेच थांबा, खाली वाकून बघा." त्यांच्या मुलीने सांगितलं ते ऐका. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्या, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या, आणि त्यांची किरणांसारखी नक्षी. मधोमध पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं ठेवून उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पावलाचा आवाज झाला की गडप. ती पोर दीड तास हलली नाही. पाणी परत आलं आणि सगळी रांगोळी पुसून गेली. उद्या पुन्हा निघणार, म्हटल्यावर त्यांनी मुक्काम एक दिवस वाढवला.

त्याच वेळेला बाजूच्या खडकांवर बायका कालवं फोडत असतात. उकिडव्या बसून लोखंडी अवजाराने शिंपला उघडतात आणि आतला गर डब्यात टाकतात. पाहुणे त्यांचे न विचारता फोटो काढतात, ते मला आवडत नाही. त्या कामाला दोन-अडीच तास मिळतात, मग पाणी चढतं. विचारा, विकत घ्या, आणि संध्याकाळी घरी कालवांची आमटी करून घाला. त्यातून पाहुण्याला जे कळेल ते कुठल्या माहितीफलकावर नाही.

मांडवीला जाताना लोहचुंबक न्या. जुन्या स्पीकरमधला चालतो. रत्नदुर्गाच्या एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पांढरा समुद्र, असं आपण लहानपणापासून म्हणतो. पाणी दोन्हीकडे एकच, रंग वाळूचा. काळ्या वाळूत लोखंड आणि टायटॅनियम असलेलं इल्मेनाईट आहे, सोबत चुंबकाला चिकटणारे लोहकणही आहेत. कोरड्या वाळूतून चुंबक फिरवला की त्याला काळी दाढी फुटते. शाळकरी मुलांना यापेक्षा मोठा खेळ मी तरी देऊ शकलेलो नाही. मग त्यांना रत्नदुर्गावर न्या, भगवतीचं दर्शन घ्या आणि तटावरून चालत जा. घोड्याच्या नालासारखा किल्ला, तीन बाजूंनी समुद्र. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. तटावरून दोन्ही बाजू दिसतात, तेव्हा वाळूचं गणित पोरांना आपोआप कळतं.

टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर यांच्याबद्दल तुम्हाला नव्याने सांगायला नको. एवढंच म्हणतो की ही दोन्ही ठिकाणं दुपारच्या उन्हात करायची आहेत. कौलारू घरात आणि देवळात गारवा असतो, आणि ती वेळ पाण्यात घालवायची नाही हे आपण आत्ताच बघितलं. मंदिरात गेल्यावर भागोजीशेठ कीरांचं नाव घ्यायला विसरू नका. सावरकरांच्या खटपटीने १९३१ मध्ये सर्व जातींसाठी ते मंदिर उघडलं, पण त्यामागे पैसा भागोजीशेठांचा होता, आणि तो आपल्या ह्याच मातीतला माणूस.

थिबा पॅलेसकडे मात्र थोडं थांबतो, कारण तिथे आपण पाहुण्याला फार घाईत फिरवतो. "बर्माच्या राजाला इंग्रजांनी इथे ठेवलं होतं" म्हणायचं आणि पुढच्या पॉइंटला निघायचं. जरा विचार करा, इंग्रजांनी रत्नागिरीच का निवडली असेल? मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात बोटी बंद. इथून पळून जाणं अवघड आणि इथवर येणंही अवघड. १८८६ मध्ये थिबा इथे आला. हा जांभ्याचा आणि विटांचा वाडा १९१० मध्ये पुरा झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरात थिबा वारला. तीस वर्षांच्या कैदेतली शेवटची सहाच वर्षं या वाड्यात गेली. पुढे सावरकरांनाही स्थानबद्ध करून याच जिल्ह्यात ठेवलं, १९२४ ते १९३७. कोकण रेल्वे पुरी होऊन १९९८ मध्ये गाड्या थेट धावू लागल्या, त्याआधी हे गाव बाहेरच्यांना किती लांब होतं ते इथल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल.

वाड्याच्या मागच्या बाजूला नक्षीदार लाकडी कमानी आहेत. संध्याकाळी चारनंतर तिथे उभे राहा. खाली काजळी नदी, राजिवडा, भाट्याचा पूल, पलीकडे समुद्र. आणि मग पाहुण्याला टुटूची गोष्ट सांगा. थिबाच्या थोरल्या मुलीचं मन वाड्यावरच्या एका मराठी दरवानावर बसलं, त्यांची मुलगी टुटू. ती इथेच वाढली, इथेच मराठीत तिने संसार केला, गरिबीत केला, आणि २००० साली इथेच गेली. आपल्यातल्या कित्येकांनी तिला रस्त्याने जाताना पाहिलंय. शिवाजीनगरला थिबाची समाधी आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास या समाधीच्या दर्शनाला आले होते. परक्या देशाचा राष्ट्राध्यक्ष जिथे येऊन वाकला, तिथे आपण आपल्या पाहुण्याला रिक्षा थांबवून पाच मिनिटं न्यायला काय हरकत आहे?

मिरकरवाडा पहाटे. सहाच्या आत पोहोचलात तर होड्या लागताना दिसतात, टोपल्या उतरतात, लिलाव होतो. दालदी आणि खारवी ह्या मच्छीमार मंडळींची बोली कानावर पडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजी सुरमई देतो म्हणून पाहुण्याला सांगू नका. ती बर्फातलीच असणार आणि त्याला कळतं. त्या महिन्यांत सुकट, सोडे, शेवग्याच्या पाल्याची भाजी, फणसाच्या आठळ्या घाला. तेही आपलंच जेवण आहे.

आता कातळशिल्पं. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कोरलेली माणसं, मासे, वाघ, हत्ती. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास लांब आहे. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण भर दुपारी तिथे नेलंत तर पाहुणा म्हणेल, दगडावर नुसत्या रेघा आहेत. ऊन डोक्यावर असतं तेव्हा कोरीव खाचांना सावलीच नसते. सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर न्या. तिरप्या उजेडात खाचेत सावली भरते आणि हत्ती जमिनीतून उठल्यासारखा दिसतो. चपला बाहेर काढायला लावा, रेघांवर पाणी-खडू काही घालू देऊ नका. आणि ज्याची जमीन आहे त्याला विचारून जा.

कोजागिरी जवळ आलीये, म्हणून त्या दिवसाचं मी माझ्या पाहुण्यांना काय सांगणार ते सांगतो आणि थांबतो. पहाटे मिरकरवाडा. सकाळच्या उन्हात रत्नदुर्ग. बारा ते तीन देऊळ, टिळकांचं घर, जेवण, वामकुक्षी; पाण्यात कुणी नाही. चारला थिबा पॅलेस. पाचच्या सुमाराला भाट्याला, पाणी पार लांब गेलेलं असेल. पोरांना खेकड्यांकडे सोडा, मोठ्यांनी वाळूत बसावं. सहाच्या पुढे-मागे समोर सूर्य बुडतो आणि त्याच वेळी पाठीमागे सुरूच्या झाडांतून चंद्र वर येतो. थर्मासमधून मसाला दूध न्या. तोवर पाणी हळूहळू परत यायला लागलेलं असतं, त्याचा आवाज आधी येतो.